शाळेची बस चालवणारे चॅम्पियन: एस्कासोनीच्या ली क्रीमोंचं प्रकरण

सरकारने कोपऱ्यात ढकललेल्या, हातात फार पैसा नसलेल्या वस्तीत पहिल्या दर्जाचा वादक तयार होतो आणि मरेपर्यंत तिथेच राहून वाजवत राहतो, हे नेमकं कशाच्या जोरावर घडतं? ह्या प्रश्नासाठी मला ली क्रीमोंइतकं बोलकं प्रकरण दुसरं सापडलेलं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय. कॅनडाच्या पूर्व टोकाला नोव्हा स्कोशिया प्रांतात केप ब्रेटन नावाचं बेट आहे, तिथले हे मिकमाक आदिवासी फिडलवादक. जन्म ३० डिसेंबर १९३८ चा, गेले ऑक्टोबर १९९९ मध्ये. फिडल म्हणजे आपलं व्हायोलिनच, वाद्य तेच, फक्त वाजवायच्या चाली आणि ढंग वेगळा. त्यांनी स्पर्धा जिंकल्या, त्यांच्या रेकॉर्ड्स निघाल्या, त्यांच्यावर माहितीपट झाला, आणि पोटासाठी त्यांनी गावातल्या शाळेची बस चालवली.

त्यांच्याबद्दल जे काही वाचायला मिळतं त्यात एक सूर हमखास असतो, की बघा, आदिवासी माणूस असून गोऱ्यांना त्यांच्याच स्कॉटिश संगीतात हरवलं. कौतुक खरं असतं, नाही असं नाही, पण मला हा सूर अजिबात पटत नाही, कारण त्यात आधीच गृहीत धरलेलं आहे की फिडल हे दुसऱ्याचं आणि ली क्रीमो पाहुणे. ते तसं नव्हतं हे कळायला थोडा इतिहास बघावा लागतो.

मिकमाक लोकांचा मुलुख म्हणजे आजचा नोव्हा स्कोशिया, प्रिन्स एडवर्ड बेट, न्यू ब्रन्सविकचा मोठा भाग, क्वेबेकचं गास्पे आणि न्यूफाउंडलंडचा काही भाग. युरोपियन लोकांशी गाठ पडलेल्या उत्तर अमेरिकेतल्या अगदी पहिल्या समाजांपैकी हा एक. २४ जून १६१० ला त्यांचे मोठे प्रमुख मेम्बर्तू यांनी पोर्ट रॉयल ह्या फ्रेंच वसाहतीत बाप्तिस्मा घेतला, आणि त्याच्याही आधी लेस्कार्बो नावाच्या फ्रेंच वकिलाने मेम्बर्तूंच्या तोंडची गाणी ऐकून टिपून ठेवली होती. म्हणजे ह्या लोकांचं गाणं कागदावर येऊन चारशे वर्षं झाली. फ्रेंच आले, त्यांच्याबरोबर व्हायोलिन आलं. १७५८ मध्ये लुईबूर्गचा किल्ला ब्रिटिशांनी घेतला, फ्रेंच सत्ता गेली, ब्रिटिशांशी १७६०-६१ चे तह झाले, आणि मग स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातून जमिनीवरून हाकललेली कुटुंबं जहाजं भरभरून यायला लागली. १८०२ पासून साधारण १८५० पर्यंत केप ब्रेटनवर त्यांची रीघ लागली होती. त्यांनी गेलिक भाषा आणली, कॅथलिक धर्म आणला (सगळे नाही, पण पुष्कळसे), आणि फिडलवरच्या नाचाच्या चाली आणल्या. मिकमाक आधीच दीडदोनशे वर्षं कॅथलिक होते, त्यामुळे चर्चच्या दारात, जत्रेत, लाकूडतोडीच्या कॅम्पात दोघं एकमेकांच्या कानावर पडत राहिले.

ली क्रीमो जन्मले तोवर फिडल मिकमाक घरांमध्ये पिढ्यानपिढ्या मुरलेलं होतं. त्यांचे वडील सायमन क्रीमो स्वतः नावाजलेले फिडलवादक. मग हे 'दुसऱ्याचं' कसं? आपल्याकडे गोव्यात पोर्तुगीजांच्या काळात चर्चच्या शाळांमधून पोरं व्हायोलिन शिकली, त्यातलीच पुढे मुंबईच्या सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात जाऊन बसली, आणि वाईच्या व्ही. जी. जोगांनी त्याच वाद्यावर राग उभे केले. त्यांना कुणी विचारत नाही की दुसऱ्याचं वाद्य का वाजवता. आदिवासी माणसाला मात्र हा प्रश्न विचारला जातो, ढोल आणि पिसांचा मुकुट एवढ्यातच त्याने राहावं अशी लोकांची अपेक्षा असते. मला ह्याचा खरंच राग येतो.

आता परिस्थिती बघू. लींचा जन्म बारा हेडचा, म्हणजे चॅपल आयलंडची वस्ती, आज तिला पोटलोटेक म्हणतात. ही जागा साधीसुधी नाही. ब्रा दोर नावाचं खाऱ्या पाण्याचं मोठं सरोवर बेटाच्या पोटात आहे, त्यात किनाऱ्याला लागून एक छोटं बेट, तिथे दर वर्षी जुलैच्या शेवटी सेंट अ‍ॅनच्या सणाला मिकमाक लोक ठिकठिकाणाहून जमतात, ग्रँड कौन्सिल म्हणजे त्यांची परंपरागत महासभा तिथेच भरते. अठराव्या शतकात माय्यार नावाच्या फ्रेंच पाद्र्यापासून ही परंपरा चालू आहे. लींचं पुढचं आयुष्य मात्र गेलं एस्कासोनीत, त्याच सरोवराच्या दुसऱ्या काठावर.

एस्कासोनी आज जगातली सगळ्यात मोठी मिकमाक वस्ती आहे, चार हजारांच्या वर लोक. पण ती एवढी मोठी आपोआप झाली नाही. १९४२ मध्ये केंद्र सरकारच्या आदिवासी खात्याने ठरवलं की नोव्हा स्कोशियातल्या विखुरलेल्या सगळ्या मिकमाक वस्त्या बंद करून लोकांना दोनच ठिकाणी आणायचं, एक शुबेनाकॅडी आणि एक एस्कासोनी. प्रशासनाचा खर्च वाचेल, हा हिशोब. लोकांना सांगितलं घरं देऊ, काम देऊ, शाळा देऊ, दवाखाना देऊ. लोक आले, काहींना यायला भाग पाडलं गेलं, मागची शेती आणि घरं सुटली, आणि इथे आल्यावर घरं अपुरी, काम थोडे दिवसच, आणि मग सरकारी भत्त्यावर अवलंबून राहणं. दशक संपता संपता सरकारनेच ती योजना गुंडाळली पण माणसं तर हललेली होती ना. त्यात १९३० ते १९६७ शुबेनाकॅडीला निवासी शाळा चालू होती जिथे पोरांना घरापासून तोडून नेत आणि मिकमाक बोललं की मारत. एस्कासोनीच्याच कवयित्री रिटा जो त्या शाळेत होत्या, भाषा हिरावली गेल्याबद्दल त्यांनी पुढे लिहिलं. आणि मतदान? केंद्राच्या निवडणुकीत रिझर्व्हवरच्या, म्हणजे सरकारने राखून दिलेल्या वस्त्यांतल्या, आदिवासींना बिनशर्त मताचा हक्क मिळाला १९६० मध्ये. म्हणजे ली एकवीस वर्षांचे झाले तोवर स्वतःच्या देशात त्यांना मत नव्हतं.

अशा ठिकाणी संगीत शिकायचं कुठे? शिकवणी नाही, संगीताचं विद्यालय नाही. घर आणि रेडिओ. घरी वडील होते, ली लहानपणीच त्यांच्याकडून वाजवायला लागले. आणि हवेतून येणारं संगीत भरपूर होतं. १९४३ मध्ये अँटिगोनिशचं सीजेएफएक्स स्टेशन सुरू झालं, त्यावर केप ब्रेटनचे फिडलवादक लागायचे, विन्स्टन स्कॉटी फिट्झजेराल्डसारख्यांच्या तबकड्या घराघरात होत्या, आणि शार्लटटाउनहून डॉन मेसरचा बँड, जो पुढे १९५९ ते १९६९ टीव्हीवर साऱ्या देशाने बघितला. मेसरची शैली गुळगुळीत, नाचाला सोपी, आणि केप ब्रेटनची शैली खडबडीत, टोकदार. त्या पिढीच्या पोरांच्या कानात दोन्ही एकाच वेळी शिरत होत्या. लींच्या वादनात मला हे स्पष्ट ऐकू येतं, ते एका खुंटीला बांधलेले नाहीत. केप ब्रेटनचे काटेकोर रसिक म्हणतील ही शुद्ध आमची शैली नाही, आणि बरोबरच आहे, ती लींची शैली आहे.

इथे जरा हाताकडे बघू, कारण खरी गंमत तिथे आहे. केप ब्रेटन फिडलमध्ये डाव्या हाताची बोटं फार वर जात नाहीत, बहुतेक वाजवणं पहिल्या पोझिशनमध्येच, म्हणजे हात खुंट्यांच्या टोकाशीच ठेवून. सगळा खेळ उजव्या हाताचा, म्हणजे बो (तारांवर घासायचा गज) धरलेल्या हाताचा. एका बोमध्ये चारपाच सूर ओढून घेणं कमी, सुराला सूर वेगळा बो, त्यामुळे प्रत्येक सुराला धार येते. स्ट्रॅथस्पे नावाचा जो स्कॉटिश नाचाच्या चालीचा प्रकार आहे त्यात एक छोटा सूर झटक्यात टाकून लगेच लांब सुरावर बसायचं असतं, तो झटका मनगटातून यावा लागतो, कोपरातून आला तर चाल लंगडते. मग कट म्हणतात ते, एकाच सुरावर तीन बारीक बो एवढ्या चटकन मारायचे की ऐकणाऱ्याला करकर असं काहीतरी वाजल्यासारखं वाटतं, ही बॅगपाइपवरून उचललेली गोष्ट. शेजारची तार हलकेच घासत ठेवायची म्हणजे खाली एक घुमारा चालू राहतो. आणि स्ट्रॅथस्पे संपला की मध्ये श्वास न घेता थेट रीलवर, म्हणजे जलद नाचाच्या चालीवर, जायचं, लय एकदम सुसाट सुटते, वाजवणाऱ्याचा पाय जमिनीवर ठेका धरूनच असतो, पियानोवाला मागून धक्का देतो. ज्यांनी कधी व्हायोलिन धरलंय त्यांना कळेल हे किती दमवणारं आहे. ली क्रीमोंचं नाव झालं ते ह्या उजव्या हातामुळे. भल्या भल्या वादकांनी त्यांच्या बोच्या हाताचं कौतुक केलं आहे, आणि रेकॉर्डिंग ऐकलं तर ते पटतं, एवढा वेग असूनही सूर कुठे फाटत नाही, दाब सारखा.

स्पर्धांचा भाग. कॅनडातल्या जुन्या पद्धतीच्या फिडल स्पर्धांमध्ये साधारणपणे एक वॉल्ट्झ, एक जिग आणि एक रील किंवा ब्रेकडाउन अशा चाली वाजवाव्या लागतात, परीक्षक सूर, ताल, नाचाला योग्य आहे का हे बघून गुण देतात. लींनी डार्टमथ शहरात होणारी मॅरिटाइम प्रांतांची (पूर्व किनाऱ्यावरचे तीन प्रांत) स्पर्धा अनेकदा जिंकली, बाहेरच्याही पुष्कळ जिंकल्या. आता हे फक्त बक्षिसांचं प्रकरण म्हणून बघू नका. ज्या समाजाला सरकारी कागद, न्यायालय, शाळा सगळीकडे 'तुम्ही कमी' हेच ऐकवत होतं तिथला माणूस गोऱ्या परीक्षकांसमोर उभा राहतो आणि त्यांच्याच नियमांनी पहिला येतो, एकदा आला तर योगायोग म्हणतील, पुन्हा पुन्हा आला की काय म्हणणार? त्याच बेटावर १९७१ मध्ये मेम्बर्तू वस्तीतल्या सतरा वर्षांच्या डोनाल्ड मार्शलला न केलेल्या खुनासाठी जन्मठेप झाली, अकरा वर्षं तो आत होता, १९८३ मध्ये निर्दोष सुटला, आणि नंतर १९८९ च्या चौकशी आयोगाने साफ लिहिलं की तो मिकमाक होता हेही ह्या अन्यायामागचं एक कारण. एकीकडे तो कोर्टरूम आणि एकीकडे फिडलचा मंच, दोन्हीकडे निकाल देणारे गोरेच. ह्या चौकटीत ठेवल्यावरच मला त्या ट्रॉफ्यांचं वजन कळलं.

आणि आता बस. मला वाटतं ह्या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही बस आहे आणि बहुतेक लेखांत ती एका ओळीत उरकली जाते. फिडल वाजवून त्या भागात कुणाचंच पोट भरत नव्हतं, गोऱ्यांचंही नाही. केप ब्रेटनचे मोठमोठे वादक खाणीत, पोलाद कारखान्यात, सुतारकामावर, मासेमारीवर होते. लींना शाळेच्या बसची नोकरी होती, म्हणजे ठरावीक पगार, ठरावीक वेळ, शनिवार-रविवार वाजवायला मोकळे, उन्हाळ्याची सुट्टी म्हणजे नेमका स्पर्धांचा आणि जत्रांचा मोसम. आणि गाव सोडावं लागलं नाही. जो वादक नॅशव्हिल किंवा टोरांटोला निघून जातो तो मोठा होतोही, पण गावातल्या पोराला तो दिसतो फक्त टीव्हीवर. इथे चॅम्पियन माणूस सकाळी बसच्या स्टिअरिंगवर दिसत होता. एस्कासोनीतल्या पोरांच्या दृष्टीने मोठा कलावंत म्हणजे आपल्याला शाळेत सोडणारा माणूस, ह्याचा परिणाम मोजता येणार नाही पण तो झालाच असणार असं माझं मत आहे.

दुसरी गोष्ट प्रसंगांची. वाद्य टिकतं ते वाजवायला निमित्त असेल तर. मिकमाक वस्तीत ही निमित्तं भरपूर होती, आणि हे मला आपल्याकडच्या कित्येक गावांपेक्षा श्रीमंत वाटतं. लग्नं, सेंट अ‍ॅनचा सण, हॉलमधले नाच. कुणी गेलं की दोनतीन दिवस घरी जागरण, मिकमाक भाषेतली भजनं, मग दफन, मग सालीते. सालीते म्हणजे दफनानंतर सगळा गाव जेवायला जमतो आणि लोकांनी आणून दिलेल्या वस्तूंचा, गेलेल्या माणसाच्या वस्तूंचा लिलाव होतो, टोपली, रजई, काहीही, आणि लोक मुद्दाम जास्त बोली लावतात कारण ते पैसे दफनाच्या खर्चासाठी त्या घराला जातात. हसणं-खिदळणंही चालतं. जिथे दुःखालासुद्धा अख्खा गाव खांदा देतो तिथे वादक एकटा पडत नाही.

ह्याच गावात विल्फ्रेड प्रॉस्पर म्हणून दुसरे मान्यवर वडीलधारे होते, तेही फिडलवादक, आणि त्याचबरोबर प्रार्थना म्हणवून घेणारे. हे प्रार्थना म्हणवून घेण्याचं काम समजून घेण्यासारखं आहे. १७६२ मध्ये माय्यार गेला, ब्रिटिशांच्या अमलात फ्रेंच पाद्री मिळेनासे झाले, तेव्हा वस्त्यांमधले साधे लोकच चिन्हलिपीतली प्रार्थनेची पुस्तकं घेऊन रविवारची प्रार्थना, बाप्तिस्मा, मयताच्या प्रार्थना चालवायला लागले. ती परंपरा नंतर पाद्री परत आले तरी सुटली नाही. प्रॉस्परांनी ती भजनं आणि ती भाषा जपायला खूप कष्ट घेतले. एकाच माणसाच्या हातात संध्याकाळी नाचाचा रील आणि सकाळी मयताची प्रार्थना, आणि कुणाला त्यात विसंगती वाटत नाही. वडीलधारेपणा तिथे वयाच्या दाखल्यावर मिळत नाही, गावाला तुमची गरज पडते आणि तुम्ही हजर असता, ह्यावर मिळतो. लींना मिळालेला मान मी त्याच खात्यात धरतो.

आता जे जमलं नाही तेही सांगायला हवं. १९७१ मध्ये सीबीसीवर, म्हणजे कॅनडाच्या सरकारी प्रसारण संस्थेवर, एक माहितीपट आला, त्याचं म्हणणं असं की केप ब्रेटनचा फिडलवादक नाहीसा होत चाललाय. बेटावर खळबळ उडाली, लोक चिडले, आणि १९७३ मध्ये बेटावरच्या ग्लेनडेल गावी शंभरावर फिडलवादक एकत्र आणून महोत्सव केला, संघटना उभी राहिली, मुलांचे वर्ग सुरू झाले. ते काम उत्तमच झालं. पण त्या पुनरुज्जीवनाची जी गोष्ट पुढे पर्यटनाच्या ब्रोशरमध्ये छापली गेली ती गेलिक-स्कॉटिश गोष्ट होती, किल्ट आणि बॅगपाइपची. मिकमाक फिडलवादक तिच्यात बसत नव्हते. आणि उलट बाजूने, आदिवासी संगीत म्हणून जे मांडलं जात होतं तिथे ढोल आणि गायन, फिडल तिथेही उपरंच. ईस्ट कोस्ट म्युझिक अवॉर्ड्स ह्या पूर्व कॅनडाच्या संगीत पुरस्कारांमध्ये आदिवासी कलाकारांचा वेगळा विभाग आहे, त्याचा फायदाही होतो हे मान्य, नाहीतर ही नावं पुढे आलीच नसती, पण फिडलवादक म्हणून थेट फिडलवादकांत बसवायला अडचण काय होती? स्मिथसोनियन फोकवेज ह्या लोकसंगीताच्या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीने १९९७ मध्ये दोन्ही अमेरिका खंडांतल्या आदिवासी फिडल संगीताचा अल्बम काढला आणि त्यात लींचं वादन घेतलं, तेव्हा कुठे हे दिसलं की अलास्कापासून मेक्सिकोपर्यंत आदिवासी समाजांनी हे वाद्य आपलंसं केलेलं आहे, एकटे ली अपवाद नाहीत. दोनच वर्षांनी ते गेले, साठीच्या आतबाहेर. त्याच्या काही आठवडे आधी, १७ सप्टेंबर १९९९ ला, त्याच डोनाल्ड मार्शलवरच्या, ईल मासे पकडल्याबद्दलच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने १७६० च्या तहांचा मासेमारीचा हक्क मान्य केला होता आणि सगळ्या किनाऱ्यावर तणाव पेटलेला होता.

वारशाचं म्हणाल तर मला तो सरळ रेषेत जाताना दिसत नाही, आणि तो तसा जायला हवा असंही नाही. एस्कासोनीची शाळा गाव स्वतः चालवतं, १९९७ च्या करारानंतर नोव्हा स्कोशियातल्या मिकमाक वस्त्यांकडे शिक्षणाचा अधिकार कायद्याने आला. त्याच शाळेतल्या एका मुलीने २०१९ मध्ये बीटल्सचं एक गाणं मिकमाक भाषेत म्हटलं आणि ते जगभर ऐकलं गेलं. २०२२ मध्ये प्रांताने कायदा करून मिकमाकला नोव्हा स्कोशियाची पहिली भाषा म्हणून मान्यता दिली. आणि फिडलच्या बाबतीत मॉर्गन टोनी हे तरुण नाव आहे, केप ब्रेटनचाच मिकमाक पोरगा, २०२१ मध्ये त्याचा पहिला अल्बम आला, तो मिकमाक गाणी गातो आणि त्यांनाच केप ब्रेटनच्या फिडलच्या चाली जोडतो. ली क्रीमोंनी मिकमाक गायन आणि फिडल असं एकत्र केलेलं मी तरी ऐकलेलं नाही, त्यांची लढाई फिडल चांगलं वाजवण्याची होती. टोनीला ती जागा तयार मिळाली म्हणून तो पुढचं पाऊल टाकू शकला असं मला वाटतं.

ज्यांना ऐकायचंय त्यांच्यासाठी: आधी विन्स्टन फिट्झजेराल्डचा एखादा स्ट्रॅथस्पे आणि रील ऐका म्हणजे केप ब्रेटनचा साचा कानात बसेल, मग डॉन मेसरची एखादी वॉल्ट्झ, आणि मग ली क्रीमोंचं कुठलंही रेकॉर्डिंग, शक्यतो चित्रफीत असलेलं, आणि डोळे डाव्या हातावर न ठेवता उजव्या मनगटावर ठेवा. शेवटी मॉर्गन टोनी. हेडफोन लावून ऐका, पायाचा ठेका साध्या स्पीकरवर नीट येत नाही.